अपग्रेड सक्सेसफुल, बाकी देवाची कृपा

लोड बॅलन्सरचं, म्हणजे येणारा ट्रॅफिक सर्व्हरांमध्ये वाटून देणाऱ्या बॉक्सचं, अपग्रेड कायम शनिवारी रात्रीच ठेवतात, कारण तेव्हा युजर झोपलेले असतात आणि नेटवर्कवाल्यांना कोणी माणसात धरत नाही. रीबूट झाला, नवीन व्हर्जन दिसलं, हिरवी टिक आली, ब्रिज कॉलवर "ग्रेट जॉब टीम" पण होऊन गेलं. मग अ‍ॅप्लिकेशनवाला म्हणाला, आमचं नवीन पोर्टल उघडत नाहीये.

लॉगिन करून बघतो तर जुने सगळे व्हीआयपी (व्हर्च्युअल आयपी, म्हणजे एकेका अ‍ॅपचा या बॉक्सवरचा पत्ता) जागच्या जागी, फक्त पोर्टलचाच गायब. त्याचा पूल (मागच्या सर्व्हरांचा गट) नाही, हेल्थ मॉनिटर नाही, सर्टिफिकेट नाही, नामोनिशाण नाही. इकडे कॉलवर माणसं वाढायला लागली, आणि येणारा प्रत्येक जण आल्या आल्या विचारणार, "फायरवॉल चेक केली का?" डेटाबेसवाल्याने तर कोणी न विचारताच सांगून टाकलं की आमच्या साइडने सगळं ओके. साहेब अधूनमधून "एनी अपडेट?" व्हेंडर सपोर्टवाला म्हणाला लॉग पाठवा, पाठवले, तेवढ्यात त्याची शिफ्ट संपली, नवीन आलेला म्हणाला लॉग पाठवा.

कारण निघालं भलतंच साधं. या बॉक्समध्ये दोन पार्टिशन असतात, एकावरून काम चालू ठेवायचं, दुसऱ्यावर नवीन सॉफ्टवेअर आधीच टाकून ठेवायचं आणि ऐनवेळी तिकडून बूट करायचं. पण कॉन्फिग कॉपी होतं ते सॉफ्टवेअर टाकताना, बूट करताना नाही. आम्ही टाकलं गुरुवारी. म्हणजे पॅकर्सवाले गुरुवारी सामान घेऊन गेले आणि शुक्रवारी आणलेलं वॉशिंग मशीन जुन्याच घरात राहिलं. आणि शुक्रवारी संध्याकाळी, चेंज फ्रीझ (कुठलाही बदल करायचा नाही असा काळ) चालू असताना, "अरे पाच मिनिटांचं काम आहे, करून टाक ना" म्हणत तो व्हीआयपी करून घेतला कोणी, तर याच एनी अपडेटवाल्या साहेबांनी. फ्रीझचा मेल पण त्यांचाच होता बरं का.

नशिबाने रीबूटच्या आधीचा बॅकअप होता. त्यातला पोर्टलचा तेवढा तुकडा काढून पेस्ट केला तर एसएसएल प्रोफाइल सापडत नाही म्हणून एरर, प्रोफाइलला सर्टिफिकेट पाहिजे, सर्टिफिकेटला प्रायव्हेट की, आणि त्या कीचा पासवर्ड ज्याला माहीत तो उरणला, स्वतःच्या हळदीत, डीजेसमोर. फोन उचलला हेच उपकार. मी म्हटलं जरा बाजूला जाऊन सांग, तो म्हणे बाजूला कुठे जाऊ, सगळे खांद्यावर घेऊन नाचतायत, आणि तिथूनच बेंबीच्या देठापासून ओरडून एकेक अक्षर सांगितलं, कॅपिटल-स्मॉल, अ‍ॅट द रेट सकट.

पोर्टल उघडलं. आता तो पासवर्ड बदलायचं तिकीट टाकायला घेतलंय, पण "किती जणांना माहीत आहे" या रकान्यात काय लिहायचं ते कळत नाहीये.