हान्स बेटाबद्दलचा फॉरवर्ड जुना आहे

‘कॅनडा आणि डेन्मार्क आजही एका बेटासाठी दारूच्या बाटल्यांनी लढतात,’ हा फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. मजेशीर आहे, पण शिळा. हा वाद १४ जून २०२२ च्या करारानेच मिटला.

हान्स बेट म्हणजे डेन्मार्कच्या अखत्यारीतलं ग्रीनलँड आणि कॅनडाचं एल्समिअर बेट यांच्यामधल्या नेअर्स सामुद्रधुनीतला जेमतेम सव्वा चौरस किलोमीटरचा उघडाबोडका खडक. झाड नाही, वस्ती नाही. १९७३ साली दोन्ही देशांनी समुद्रातली सीमा आखली, तेव्हा रेघ बेटाच्या एका टोकाशी थांबवून पलीकडून पुन्हा सुरू केली. बेट कुणाचं, हे ठरलंच नाही; सगळा घोळ तिथला. बाटल्यांची गोष्ट मात्र खरी: १९८४ मध्ये डेन्मार्कच्या मंत्र्याने तिथे झेंडा रोवला आणि बाटली ठेवली. पण या ‘युद्धात’ गोळी कधीच सुटली नाही.

आता सीमा बेटावरच्या एका नैसर्गिक घळीतून जाते, साधारण अर्धं-अर्धं. इनुइट लोकांना, म्हणजे या भागातल्या मूळ रहिवाशांना, शिकारीसाठी दोन्हीकडे पूर्वीसारखं जाता येतं. त्यांच्या भाषेत हे बेट ‘टार्टुपालुक’, म्हणजे मूत्रपिंडाच्या आकाराचं. आणि ‘हान्स’ कुणी युरोपियन दर्यावर्दी नव्हे, तर एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी मोहिमांबरोबर गेलेला ग्रीनलँडचा वाटाड्या हान्स हेन्ड्रिक.