बुवा गेल्यानंतरचं बिशप हिल (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, म्हणून चार दिवस उत्तर द्यायचं टाळलं. काल पुन्हा वाचली आणि निम्मी पटली. उरलेल्या निम्म्यासाठी हे लांबलचक उत्तर.

ज्यांनी ‘माळावरचं स्वीडन’ हा माझा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत इलिनॉय राज्याच्या हेन्री काउंटीत बिशप हिल नावाचं जेमतेम शे-सव्वाशे वस्तीचं गाव आहे. 1846 साली स्वीडनमधून आलेल्या एका धर्मपंथानं ते वसवलं. पुढची पंधराएक वर्षं तिथं जमीन, घरं, गुरं, सगळं सामाईक होतं. जेवणसुद्धा एकाच पंगतीत. तुमचे आक्षेप असे: ही माणसं दुष्काळामुळे स्वीडन सोडून आली हे मी चुकीचं लिहिलं, जमीन ‘ओसाड’ होती हेही चूक, आणि मुख्य म्हणजे, ‘सरळसरळ बुवाबाजीला तुम्ही सहजीवनाचं गोंडस नाव दिलंत. आपल्याकडे असं घडलं असतं तर तुम्हीच पहिल्यांदा अंनिसला फोन केला असता.’

दुष्काळाचं तुमचं म्हणणं मान्य. स्वीडनमधला मोठा दुष्काळ 1867 ते 1869 चा. त्यानंतर मिनेसोटात, कॅन्ससमध्ये स्वीडिश माणसांची रीघ लागली. मी दोन वेगळ्या काळांची सरमिसळ केली. बिशप हिलची मंडळी त्याच्या वीस वर्षं आधी निघाली होती, आणि त्यांच्यातले कितीतरी खाऊनपिऊन सुखी शेतकरी होते. स्वीडनच्या हेल्सिंगलांड प्रांतातली शेतं-घरं विकून आलेला पैसा त्यांनी सामाईक थैलीत टाकला आणि त्यातूनच गरिबांच्या बोटीचं भाडं निघालं. त्यांना निघावं लागलं ते धर्मापायी. 1726 च्या एका फर्मानानुसार स्वीडनमध्ये पाद्र्याशिवाय घरात चार बाहेरची माणसं जमवून प्रार्थना करणं हा गुन्हा होता, आणि ते फर्मान 1858 पर्यंत लागू होतं. या पंथाचा म्होरक्या एरिक यानसन हा उपलांड प्रांतातल्या बिस्कोप्सकुल्ला इथला शेतकरी, गव्हाचं पीठ विकत हिंडणारा. घरोघरी प्रवचनं करायचा. खऱ्या श्रद्धावंताच्या अंगी पाप उरतच नाही, ही त्याची शिकवण. 1844 साली त्याच्या माणसांनी बायबल सोडून बाकी धर्मग्रंथांची होळी केली, त्यात ल्यूथरची पुस्तकंही गेली. अटका झाल्या, शेवटी तो नॉर्वेमार्गे पळाला. गावाचं नाव म्हणजे त्याच्या जन्मगावाचं शब्दशः इंग्रजी भाषांतर. बुवानं आपलंच गाव परक्या मुलखात नेऊन ठेवलं, हा मुद्दा खरं तर तुमच्या बाजूचा आहे. तो तुम्ही कसा सोडलात कोण जाणे.

‘ओसाड’ हा शब्द मी काढून टाकला आहे. बिशप हिलपासून तासाभराच्या ड्राइव्हवर, मिसिसिपीच्या काठी, सॉक या मूळनिवासी जमातीचं सॉकेनुक हे मोठं गाव होतं. 1832 च्या ब्लॅक हॉक युद्धानंतर सॉक आणि मेस्क्वाकी लोकांना नदीपलीकडे हुसकावलं गेलं. यानसनची माणसं त्यानंतर फक्त चौदा वर्षांनी आली. सरकारी जमीन एकरी सव्वा डॉलरनं मिळत होती ती का मिळत होती, हे मी लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण गावात जे फलक वाचले तेच डोक्यात घेऊन घरी आलो. हे कारण झालं, सबब म्हणून सांगत नाही.

आता बुवाबाजी.

यानसन बुवा होता का? होता. तुम्ही दिलेले दाखले बरोबर आहेत, त्यात दोन माझ्याकडून घ्या. पहिल्या हिवाळ्यात माणसं ओढ्याच्या दरडीत खणलेल्या भुयारांत राहिली, एकेकात पंचवीस-तीस जण. बाहेर बर्फ, आत ओल, खायला अर्धपोटी. वसंत येईपर्यंत 96 माणसं गेली. 1849 ला कॉलऱ्यानं आणखी दीडशेच्या आसपास नेली. त्यात यानसनची बायको आणि दोन मुलंही होती, आणि काही आठवड्यांतच त्यानं दुसरं लग्न केलं. पंथाबाहेरच्या जॉन रूट नावाच्या माणसानं यानसनच्या चुलतबहिणीशी लग्न केलं तेव्हा लेखी करार झाला होता की त्याला गाव सोडायचं असेल तर सोडावं, बायको मात्र इथंच राहील. त्या करारापायी पळवापळवी, कोर्टकज्जे, जाळपोळीच्या धमक्या झाल्या. 13 मे 1850 रोजी जवळच्याच केंब्रिज गावातल्या कोर्टाच्या इमारतीत रूटनं यानसनला गोळी घातली. तिसऱ्या दिवशी तो उठेल म्हणून अनुयायी वाट पाहत राहिले.

इथपर्यंत तुमचं-माझं जमतं. तुमची गोष्ट मात्र इथंच संपते आणि माझी अडचण इथं सुरू होते. बुवा गेला तरी गाव मोडलं नाही. उलट बिशप हिलचे बरकतीचे दिवस त्यानंतरचे आहेत. हे सगळं एका माणसाच्या जादूवर चाललं होतं असं म्हटलं तर 1850 ते 1857 या सात वर्षांचं काय करायचं?

यानसननं मरण्याच्या दोन महिने आधी योनास ओल्सन आणि इतर आठ जणांना सोनं शोधायला कॅलिफोर्नियाला धाडलं होतं, कर्ज फेडायला. बातमी कळली तसा ओल्सन परत आला. यानसनची विधवा पोराच्या नावानं गादी चालवू पाहत होती, ते त्यानं मोडून काढलं. गादी गेली, पंगत टिकली. जवसाच्या धाग्याचं (लिनन) कापड, गाड्या, विटा, रेल्वेच्या भरावाची कंत्राटं, आणि सगळ्यात मोठं नगदी पीक म्हणजे केरसुणीची ज्वारी. हो, ज्वारीच. आपल्या ज्वारीची सख्खी बहीण, फक्त तिची कणसं खाण्याऐवजी झाडू बांधायला वापरतात. बारा हजार एकरांच्या आसपास जमीन झाली. जवळून रेल्वे गेली तिथं नवं गाव वसलं, त्याला स्वीडनमधल्या बंदराचं नाव दिलं. मूळ उच्चार ‘येव्ले’, म्हणजे आपल्या येवल्याच्या इतका जवळ की मी तिथं उभा राहून हसलो. अमेरिकन जिभेवर त्याचं ‘गॅल्वा’ झालं.

त्या गॅल्वात पुढं ओलोफ क्रान्स नावाचा घरं रंगवणारा रंगारी राहायचा. बारा वर्षांचा असताना, 1850 मध्ये, तो आईबापांबरोबर बिशप हिलला आला होता. म्हातारपणी त्यानं त्या दिवसांची चित्रं काढली. ती गावातल्या संग्रहालयात आहेत, आणि मूळ लेखात मी त्यांना एका ओळीत उरकलं ही खरी चूक. तुम्ही ती धरली नाहीत, मीच सांगतो. एका चित्रात बायका मका टोकताहेत. शेताच्या दोन टोकांना दोन पुरुष दोर ताणून उभे, आणि दोराला लागून बायकांची सरळ रांग, सगळ्यांचे कपडे गडद, सगळ्यांच्या हातात काठ्या. दोर पुढं सरकला की रांग पुढं. दुसऱ्या चित्रात पुलाचे खांब ठोकायचा जड ठोकळा दोरांनी वर ओढणाऱ्याही बायकाच. लहानपणीची आठवण चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी रंगवलेली, तेव्हा रांग इतकी सरळ असेलच असं नाही. पण काम कोण करत होतं हे त्याच्या लक्षात पक्कं राहिलं होतं.

आता ह्याच्या शेजारी 1853 ची सनद ठेवा. राज्यानं वसाहतीला कायदेशीर संस्था केलं, सगळी मालमत्ता सात विश्वस्तांच्या नावावर गेली. मुदत? वर्तन चांगलं असेपर्यंत, म्हणजे व्यवहारात तहहयात. त्यांना काढायचं तर सभासदांचं बहुमत हवं, तेही फक्त पुरुष सभासदांचं. दोर ओढणारीला मत नाही. वर 1854 पासून काही वर्षं ब्रह्मचर्याची सक्ती, नवराबायकोंनाही.

तुम्ही ‘गाव अंधश्रद्धेनं बुडालं’ असं म्हणता तिथं मी थांबतो. बुडवलं ते ओलोफ जॉन्सन या विश्वस्तानं. तो कोणी संत नव्हता, तसं सोंगही त्यानं आणलं नव्हतं. धंदा बघणारा हुशार माणूस. गॅल्वात बसून धान्य, डुकराचं मांस, कोळसा, रेल्वेचे रोखे, बँक, सगळीकडे संस्थेचा पैसा घातला. 1857 ला अमेरिकेत मंदी आली आणि खेळ उलटला. सभासदांना खरा हिशेब कळला तोवर कर्ज लाखभर डॉलरांच्या वर गेलं होतं. वसाहत 1861 पर्यंत वाटून संपली, हिशेबाचे खटले मात्र 1879 पर्यंत कोर्टात रखडले.

म्हणून मी लेखात ‘बुवा’ शब्द टाळला होता. तो शब्द आला की वाचक ‘अरे, हे तर ओळखीचं’ म्हणून सुस्कारा टाकतो आणि पुढच्या विश्वस्ताकडं बघतच नाही. साखर कारखाना आणि पतसंस्था पाहिलेल्या मराठी माणसाला मला जॉन्सन दाखवायचा होता. तो नीट दाखवला नाही, हा दोष माझा. शब्द टाळण्याचा हट्ट कदाचित फाजील असेल, आता घालतो. पण जॉन्सनचा परिच्छेद यानसनच्या परिच्छेदापेक्षा लांब राहील.

वाटणीबद्दल एक गोष्ट, जी मूळ लेखात नव्हती. 35 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला पूर्ण वाटा मिळाला, पुरुषाला जेवढा तेवढाच बाईला, तिच्या स्वतःच्या नावावर. 1861 साली. ज्या संस्थेनं बाईला मत दिलं नाही तिनं मोडताना बाईला जमीन दिली. याचा अर्थ कसा लावायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हाला काही सुचलं तर जरूर लिहा, मात्र या वेळी जरा सौम्य शब्दांत.

शेवटी, ‘एकाच काट्याचं घड्याळ ही पर्यटकांना सांगायची थाप असणार’ असं तुम्ही जाता जाता लिहिलंत. थाप नाही. 1854 च्या मनोऱ्याच्या इमारतीवर ते आहे, तासकाटा आहे, मिनिटकाटा नाही. फोटो लेखाच्या खाली टाकला आहे. उजवीकडे जे बोट आलंय ते माझं.