सँ-माक्लूला 300 वर्षं लागली नव्हती

फोटो खरा आहे. त्या मजकुराबद्दल चांगलं बोलता येईल ते एवढंच.

फोटोत फ्रान्समधल्या रूआँ शहरातलं सँ-माक्लू चर्च आहे. जाळीदार कोरीव दगडाचा दर्शनी भाग, आणि वर आभाळात घुसलेला टोकदार मनोरा. मनोऱ्याभोवती कुणीतरी लाल गोल काढलाय. खाली लिहिलंय ते थोडक्यात असं: हे कॅथेड्रल बांधायला 300 वर्षं लागली, नकाशा नव्हता, इंजिनिअर नव्हता, नावगाव नसलेल्या कारागिरांनी केवळ भक्तीपोटी, एक पैसा न घेता ते घडवलं, तेव्हापासून त्याचा एक दगड हललेला नाही, ती विद्या आता लोपली, आणि असा मनोरा आज जगातला एकही इंजिनिअर उभारू शकणार नाही. शेवटी जोडलेल्या हातांच्या तीन इमोजी. माझ्याकडे हा मजकूर तीन ग्रुपवर आला. त्यातला एक ग्रुप सोसायटीच्या पाण्याच्या वेळा कळवण्यासाठी आहे.

पहिल्या शब्दापासूनच घोळ आहे. सँ-माक्लू हे कॅथेड्रल नाही. जिथे बिशपचं आसन असतं ते कॅथेड्रल. रूआँचं कॅथेड्रल वेगळं आहे आणि इथून चालत पाच मिनिटांवर आहे. सँ-माक्लू हे पॅरिश चर्च, म्हणजे एका वस्तीचं: तिथल्या लोकांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि अंत्यविधी होण्याची जागा. वसईतल्या किंवा गोव्यातल्या वाचकाला हा फरक समजावून सांगायला नको. बाकीच्यांना तो बारीक वाटेल, पण पुढचं सगळं यावरच उभं आहे. कॅथेड्रलच्या पाठीशी जमिनींचं उत्पन्न असलेलं मोठं धर्मपीठ असे. पॅरिशच्या पाठीशी पॅरिशचाच खिसा. वस्तीतलेच काही जण कारभारी नेमले जात, ते वर्गणी जमवत, मिस्त्रींना पैसे देत आणि जमाखर्च लिहून ठेवत. त्या वह्यांतली काही पानं उरली, म्हणून तर आज आपण यावर बोलू शकतो.

आता ती 300 वर्षं. बांधकाम सुरू झालं 1437 मध्ये, आणि चर्चचा अभिषेक झाला 25 जून 1521 रोजी. वजाबाकी केली की 84 येतात. तीही सलग कामाची नव्हेत. 1437 साली रूआँवर राज्य कुणाचं होतं ते आधी बघा. इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीने कित्येक महिने वेढा घालून, आतल्या लोकांची उपासमार करून 1419 च्या जानेवारीत हे शहर घेतलं होतं. 1431 मध्ये इथल्याच बाजारात जोन ऑफ आर्कला जाळलं. फ्रेंच राजाला शहर परत मिळालं ते 1449 मध्ये. म्हणजे सँ-माक्लूचा पाया परक्या राजवटीत, युद्ध चालू असताना घातला गेला. मजकुरात 'श्रद्धेचा सुवर्णकाळ' असेही शब्द आहेत. त्या काळात रूआँत राहायची संधी मिळाली असती तर हा मजकूर लिहिणाऱ्याने ती घेतली असती का, मला शंका आहे.

84 वर्षंही का लागावीत, असं कुणी विचारेल. उत्तर रुक्ष आहे: दगडाला वेळ लागला नाही, पैशाला लागला. पैसा हाती असला की काय होतं ते पॅरिसच्या सँत-शापेलमध्ये दिसतं. राजा नववा लुई याने 1239 मध्ये येशूचा काटेरी मुकुट मिळवला, तो ठेवायला हे प्रार्थनागृह बांधायला घेतलं, आणि 1248 मध्ये त्याचा अभिषेकही झाला. दहा वर्षांच्या आत सगळं पुरं. दगड तोच, चुना तोच, हातही तसलेच. फक्त तिजोरी राजाची होती. सँ-माक्लूच्या कारभाऱ्यांना आधी द्युफूरसारख्या व्यापारी घराण्यांची दारं वाजवायची होती, मग पाप-क्षमेच्या पत्रांवर देणग्या गोळा करायच्या होत्या. वर्गणी आली की भिंत चढायची, आटली की थांबायची.

थांबण्याचं आणखी एक कारण दरवर्षी यायचं: हिवाळा. चुना सावकाश, महिनोन्‌महिने धरत जातो, आणि ओल असताना तो गोठला की भुगा होतो. त्यामुळे थंडी पडली की भिंतीचं काम बंद. अर्ध्यावर आलेल्या भिंतीच्या माथ्यावर गवताचा पेंढा आणि शेणखताचा थर अंथरून ती झाकायची आणि वसंताची वाट बघायची. गवंडी घरी जात. चांगले पाथरवट मात्र मांडवात बसून पुढच्या मोसमाचे दगड घडवत राहत. ज्यांनी कधी जुन्या वाड्याची चुन्यातली दुरुस्ती करून घेतली असेल, त्यांना ही वाट बघणं परकं वाटणार नाही, फक्त आपल्याकडे थंडीऐवजी पाऊस.

'नकाशा नव्हता' हे वाक्य वाचून मला खरोखर हसू आलं. कारण मध्ययुगातल्या एखाद्या पॅरिश चर्चचा नकाशा झाला होता हे कागदावर सिद्ध करायचं असेल, तर सँ-माक्लूपेक्षा चांगला पुरावा सापडणं कठीण. प्येर रोबँ हा पॅरिसहून बोलावलेला मुख्य मिस्त्री. त्याने चर्मपत्रावर संपूर्ण चर्चचा आराखडा काढून दिला आणि त्याबद्दल त्याला पैसे चुकते केले, अशी नोंद आहे. एका खांबाचा किंवा एका खिडकीचा नव्हे, संपूर्ण चर्चचा. हा रोबँ काही वर्षानुवर्षं साइटवर बसून राहिला नाही. काम पुढे दुसऱ्यांनी चालवलं. डिझाइन एकाचं आणि उभारणी दुसऱ्याची ही पद्धत 15 व्या शतकात चालू होती.

आणि आराखडा नसता तर हे चर्च असं दिसलंच नसतं. दर्शनी भागाला पाच कमानींची ओसरी आहे. ती सरळ रेषेत नाही. मधली कमान पुढे, आणि दोन्ही बाजूंच्या कमानी पंख्यासारख्या तिरक्या मागे वळलेल्या. आत, वेदीच्या मागच्या अर्धगोलात, चार छोटी प्रार्थनाघरं आहेत. बहुतेक चर्चमध्ये ती विषम संख्येत असतात, म्हणजे बरोबर मधोमध एक येतं. इथे चार असल्यामुळे मध्यरेषेवर खांब येतो. दारातून आत आलात की नजर सरळ जाऊन त्या खांबाला धडकते. असली गोष्ट अंदाजपंचे होत नाही. कुणीतरी कर्कटक आणि गुण्या घेऊन बसलं होतं.

साइटवर हे असं उतरायचं: कमानीची रेष जमिनीवर पूर्ण मापात आखायची, तिच्यावरून पातळ फळीचा फर्मा कापायचा, आणि तो फर्मा पाथरवटाच्या हातात द्यायचा. त्याने दगडावर फर्मा ठेवून कडेने रेघ ओढायची आणि टाकी चालवायची. त्याला पूर्ण चर्च डोक्यात ठेवायची गरज नव्हती. त्याच्यापुरता दगड फर्म्याला तंतोतंत लागला की झालं. कुठला दगड कुणी घडवला ते कळावं म्हणून मध्ययुगातले पाथरवट पुष्कळदा आपापली खूण कोरून ठेवत. मजकुरांतून या खुणांना 'गूढ चिन्हं' म्हणतात. बऱ्याच वेळा ती नगावर मजुरी मोजण्याची सोय असे.

तर मग 'नावगाव नसलेले, फुकट राबणारे'. सँ-माक्लूच्या मुख्य मिस्त्रींची नावं घ्या: प्येर रोबँ, मग सिमाँ ल न्वार, जाँ शोवँ, आंब्रुआझ आरेल, जाक ल रू, प्येर ग्रँगोर. यातला जाक ल रू शेजारच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्याचंही काम बघत होता. आपल्या भाषेत दोन साइट सांभाळणारा माणूस. हे कुणी साधू नव्हते, व्यावसायिक होते. आणि फ्रान्समध्ये यात नवल काही नव्हतं. रँस शहरात ह्यूग लिबेर्जिए या 1263 मध्ये वारलेल्या वास्तुकाराची समाधीशिळा आहे. तो हातात आपल्या चर्चची प्रतिकृती आणि मापाची काठी घेऊन उभा आहे, पायाशी गुण्या आणि कर्कटक. आमियँच्या कॅथेड्रलमध्ये तर जमिनीवर चक्रव्यूह कोरून त्यात तिन्ही वास्तुकारांची नावं घातली होती. बायबलच्या कथा खिडक्यांत, आणि स्वतःचं नाव सगळ्यांच्या पायाखाली, पण ठळक.

साध्या मजुरांची बहुतेक नावं हरवली हे मात्र खरं. पण नाव न उरणं आणि मजुरी न मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या काळी मजुरी दिवसावर ठरे आणि उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून साधारणतः जास्त असे. भक्ती होतीच, पण ती मुख्यतः पैसे देणाऱ्यांच्या बाजूला शोधा. ल रूने काम पाहिलेला कॅथेड्रलचा तो मनोरा 'लोण्याचा मनोरा' म्हणून ओळखला जातो, कारण उपवासाच्या दिवसांत लोणी खायची परवानगी मिळावी म्हणून लोकांनी दिलेल्या पैशावर तो बांधला गेला, असं सांगतात. उपवासाचा साबुदाणा तुपात परतणाऱ्यांनी हसू नये.

(वेरूळच्या कैलास लेण्याबद्दलही असलेच मजकूर फिरतात, तिथे कारागिरांच्या जागी थेट परग्रहवासी येतात. हात जोडायचे, पण ज्यांनी काम केलं त्यांना नव्हे, ही रीत सगळीकडे सारखी.)

'एक दगड हललेला नाही' याला फार वेळ द्यायचं कारण नाही. 4 जून 1944 रोजी, मित्रराष्ट्रांच्या विमानहल्ल्यांच्या आठवड्यात, सँ-माक्लूवर बॉम्ब पडला आणि वेदीच्या बाजूची मोठी हानी झाली. लोकांसाठी ते पुन्हा उघडलं 1980 मध्ये. म्हणजे नुसत्या दुरुस्तीतच 36 वर्षं गेली. दारांची सुंदर लाकडी कोरीव कामं, ज्यांचे जवळून काढलेले फोटो वेगळे फिरतात, तीसुद्धा अभिषेकानंतर काही दशकांनी, रेनेसाँसच्या शैलीत झालेली.

राहिली 'लोपलेली विद्या'. बर्गंडीत गेदेलाँ इथे 1997 पासून 13 व्या शतकाच्या पद्धतीने एक किल्ला बांधला जातोय. दगड तिथल्याच खाणीतला, आणि तो वर चढवायला माणूस आत चालून फिरवतो अशा चाकाचा रहाट. 2019 मध्ये पॅरिसच्या नोत्र-दामचं छत जळालं, तेव्हा सुतारांनी कुऱ्हाडींनी ओकचे ओंडके चौरसून तुळया घडवल्या आणि डिसेंबर 2024 मध्ये ते पुन्हा उघडलं. उलट जुन्यांनाही सगळंच जमत होतं असं नाही. बोवेच्या कॅथेड्रलच्या छताचा भाग 1284 मध्ये कोसळला. पुढे 150 मीटरहून उंच मनोरा चढवला, तो 1573 मध्ये पडला. ते कॅथेड्रल आजही अर्धंच आहे.

आणि आता लाल गोलातला मनोरा, जो म्हणे आज कुणालाच जमणार नाही. सँ-माक्लूवर मूळचं शिखर होतं ते लाकडी, शिशाच्या पत्र्याने मढवलेलं. वादळाने ते खिळखिळं झालं आणि 18 व्या शतकात उतरवावं लागलं. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षं चर्च शिखराविना होतं. फोटोत दिसतो तो दगडी मनोरा 19 व्या शतकाच्या उत्तरार्धातला, जाक-यूजेन बार्तेलेमी या वास्तुकाराचा. तो उभा राहत होता त्याच सुमारास, पाच मिनिटांवरच्या कॅथेड्रलवर ओतीव लोखंडाचं 151 मीटरचं शिखर पुरं होत आलं होतं, आणि आपल्याकडे बोरघाटातून रेल्वे धावू लागून काही वर्षं झाली होती.

तेव्हा पुढे पाठवायचंच असेल, तर तो लाल गोल खाली आणून ओसरीच्या पाच कमानींभोवती काढा. निदान काळ तरी बरोबर येईल.