एका रात्रीत नाव? नावच तर नव्हतं!

चेक छायाचित्रकार योसेफ कुडेल्कावरचा तुमचा लेख आवडला, पण 'प्रागच्या फोटोंनी कुडेल्काचं एका रात्रीत नाव झालं' हे काही पटलं नाही. ऑगस्ट 1968 मध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या, तेव्हाचे रशियन रणगाड्यांचे ते फोटो छापून आले तेव्हा खाली नाव नव्हतं, नुसतं 'पी. पी.', म्हणजे प्रागचा फोटोग्राफर. 1969 चं रॉबर्ट कापा सुवर्णपदक, म्हणजे छायाचित्रणाचा मोठा पुरस्कार, तोसुद्धा एका अनामिक चेक छायाचित्रकाराला! तेव्हा तो स्वतः आणि पुढेही घरचे लोक देशातच होते, त्यांच्यावर बालंट नको म्हणून. वडील गेल्यावर, 1984 मध्ये, त्याने ते फोटो आपले म्हणून सांगितले.

मनगटावरच्या घड्याळाचा फोटो तुम्ही दिलात ते बरं केलंत. मागे प्रागचा वेन्सेस्लास चौक ओस पडलेला. बरेच जण ती सैन्य शिरल्याची वेळ समजतात. खरं तर निदर्शनाला गर्दी केली तर गोळीबाराला आयतं निमित्त मिळेल, म्हणून लोकांनीच चौक मोकळा ठेवला होता.

1970 मध्ये देश सुटला, तो परतला थेट 1990 मध्ये. मधली बरीच वर्षं धड बिऱ्हाड नाही. मॅग्नम या छायाचित्रकारांच्या संस्थेच्या ऑफिसात जमिनीवर स्लीपिंग बॅग टाकून झोपायचा म्हणे. त्याच्या रोमा (जिप्सी) वस्त्यांच्या फोटोंवर मात्र तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात. त्यावर स्वतंत्र लेख येऊ द्या ना!