टोपलीचा फोटो काढणं सोपं आहे

आज सकाळी मासळी बाजारात एका गृहस्थाने कोळणीच्या टोपलीतल्या तळहाताएवढ्या पापलेटांचा फोटो काढला आणि वर तिलाच ऐकवलं, "तुमच्यामुळेच मासे संपले." आजूबाजूच्या चौघांनी माना डोलावल्या. मावशी एवढंच म्हणाली, "मी समुद्रात गेले होते का, दादा? धक्क्यावर जे आलं ते घेऊन बसलेय." तो फोटो एव्हाना दहा ग्रुपांवर फिरून आला असेल. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

पिल्लं विकू नयेत, मान्य. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिले. पापलेट १३५ मिलिमीटर, बांगडा १४०, बोंबील १८०, सुरमई ३७०. त्याच वर्षी पापलेट राज्यमासाही झाली. नियम हवाच होता. पण पापलेट पहिल्यांदा गाभोळीवर येते ती चांगली वीतभर झाल्यावर. म्हणजे १३५ मिलिमीटरची पापलेट कायद्याने मोठी आणि निसर्गाने अजून पोरच.

आणि ते पिल्लू जाळ्यात येतं कसं, हे त्या फोटोवाल्याला ठाऊक आहे का? डोल हे काही ओढायचं जाळं नाही. ते एका जागी बांधलेलं असतं, भरती-ओहोटीचा जोर त्याचं तोंड उघडं ठेवतो आणि पाण्याबरोबर जे वाहत येईल ते शेवटच्या थैलीत जमतं. जाळं लावलेलं असतं बोंबील, करंदी आणि जवळ्यासाठी. जवळा दोन-तीन सेंटिमीटरचा, म्हणून थैलीची आस, म्हणजे जाळ्याचं भोक, बारीक. ती ४० मिलिमीटरची करा म्हणणं सोपं आहे, पण मग जवळा आणि करंदी दोन्ही निघून जाणार आणि डोलवाल्याच्या घरी चूल पेटायची नाही. इथे आस मोठी करून प्रश्न सुटत नाही. पापलेटची पिल्लं ज्या पट्ट्यात ज्या महिन्यांत असतात, तिथून तेवढ्यापुरती डोल हलवणं हा त्यातल्या त्यात चालणारा उपाय. त्यासाठी तो पट्टा कुणीतरी नकाशावर काढून द्यायला हवा.

ट्रॉलची, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्याची, गोष्ट वेगळी. तिथे आस खरंच कामाला येते, पण नुसता आकडा नव्हे, आकारही. नेहमीची शंकरपाळ्यासारखी आस ओढ बसली की लांबट होऊन मिटते. मापताना ४० मिलिमीटर भरलेली आस पाण्यात चालू जाळ्यात फट उरते, आणि पिल्लांना बाहेर पडायला वाव राहत नाही. चौकोनी आस ओढीतही उघडी राहते. थैलीचा तेवढा शेवटचा तुकडा चौकोनी आसेचा लावला तरी फरक पडतो. पण तपासणी धक्क्यावर होणार, आणि थैलीवर दुसरं जाळं चढवलं की नियम खलास. थव्याला जाळ्याचा वेढा घालणारे पर्ससीनवाले आणि दिव्यांनी मासे ओढणारे एलईडीवालेही दोषी आहेत, होय बाबा, आहेत. पण त्यांच्यावर पोस्टी रोज पडतात.

मला बोलायचंय ते माशाच्या घराबद्दल.

कोळंबीचंच बघा. मादी अंडी सोडते समुद्रात. अंडी दिवसभरात फुटतात, पिल्लं दोन-तीन आठवडे प्रवाहावर तरंगतात आणि जेमतेम सेंटिमीटरभर झाली की भरतीबरोबर, बहुतेक रात्रीची, खाडीत शिरतात. काही महिने तिवरांच्या मुळाशी, चिखलात वाढून बोटभर झाल्यावर परत समुद्रात. बोय, तांबोशी, जिताडा, चिंबोरी यांचीही या ना त्या वयात खाडीवाचून सोय नाही. खाडीचं तोंड गाळाने भरलं, बांधाची उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, कायमची बंद झाली किंवा तिवरात राडारोडा पडला, तर पुढे समुद्रात ६१ दिवसांची बंदी पाळा नाहीतर १२० दिवसांची, येणार काय?

आता हे घर कोण राखतं? १९९१ च्या सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेत, सगळ्यात कडक संरक्षणाच्या पहिल्या वर्गात, माशांच्या प्रजननाच्या आणि अंडी घालण्याच्या जागांजवळचे भाग स्पष्ट लिहिलेले होते. २०११ च्या नव्या अधिसूचनेच्या यादीत तिवरं आहेत, प्रवाळ आहे, कासवांच्या विणीच्या जागा आहेत, पक्ष्यांची घरटी आहेत. माशांच्या विणीच्या जागा गेल्या. २०१९ मध्येही परत आल्या नाहीत. उरलं काय, तर या जागा नकाशावर दाखवाव्यात अशी एक ओळ. दाखवल्याने त्या वाचतात असं त्या ओळीत कुठेही नाही.

अमेरिकेचं कौतुक मला उठसूट करवत नाही, पण इथे करावं लागेल. त्यांच्या १९७६ च्या मासेमारी कायद्यात १९९६ साली दुरुस्ती झाली. अंडी घालायला, पिल्लं वाढायला, खायला आणि मोठं व्हायला माशाला जे पाणी आणि जो तळ लागतो तो जातवार ठरवून नकाशावर आणायचा, हे काम आठ प्रादेशिक परिषदांच्या मासेमारी आराखड्यांत आलं. या परिषदांवर मच्छीमारही बसतात. आणि बंदर, गाळउपसा, पूल, असं काहीही त्या जागेला बाधणारं काम केंद्राचं कोणतंही खातं करणार किंवा मंजूर करणार असेल, तर त्याने मत्स्यखात्याशी सल्लामसलत करायचीच. मत्स्यखात्याने सूचना केल्या की ३० दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, आणि सूचना मानत नसाल तर का, तेही लिहायचं. सूचना बंधनकारक नसतात, हे खरं. आणि फ्लोरिडाजवळच्या ऑक्युलिना प्रवाळाला १९८४ पासून ट्रॉलबंदी असूनही चोरून जाळी ओढली गेलीच, बराचसा प्रवाळ चुरा झाला, पुढे कोळंबीच्या बोटींना उपग्रहाचं यंत्र बसवावं लागलं. पण कागदावर कारण द्यावं लागणं ही छोटी गोष्ट नाही. आपल्या राज्याच्या १९८१ च्या मासेमारी कायद्यात असं काही नाही. त्याची नजर बोट, जाळं, परवाना, अंतर यांवर. २०२५ च्या जानेवारीपासून किनाऱ्यावर ड्रोनही फिरतात. ड्रोनला बोट दिसते. खाडी बुजताना दिसली तरी या कायद्याखाली दंड कुणाला ठोकणार?

इथे माझं डोकं फिरतं. मावशीच्या टोपलीत १३५ मिलिमीटरचा हिशोब आणि डहाणूच्या किनाऱ्याला वाढवण बंदरासाठी १,४४८ हेक्टर समुद्रात भराव! पिढ्यान्पिढ्या ज्या पट्ट्याला कोळी सोन्याचा पट्टा म्हणत आले, तो हा. रोजगार येईल, देशाला मोठं बंदर हवं, ऐकलंय सगळं, त्यात तथ्यही असेल. पण भरपाईची चर्चा बोटीची आणि जाळ्याची होते. विणीची जागा भरपाईच्या कुठल्या रकान्यात बसते, ते दाखवा.

तिवरांच्या बाबतीत उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तोड थांबवली, भोवती ५० मीटरचा पट्टा राखला, त्यामुळे तेवढं तरी तग धरून आहे. पण प्रकल्पात तिवरं गेली की बदल्यात रोपं लावतात ती बऱ्याचदा उघड्या चिखलात. तो चिखल रिकामा नसतो हो. शिवल्या तिथे, निवट्या तिथे, पिल्लांचं खाणं तिथे. एक घर मोडून दुसऱ्याच्या अंगणात बांधायचं, असला प्रकार.

उघाड्यांचं मात्र जमण्यासारखं आहे. शेतात खारं पाणी नको, हे शेतकऱ्याचं म्हणणं रास्त आहे, भाताचं खाचर एका उधाणात जातं. पण गोव्यात खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, भात कापून झाल्यावर मानशीतून, म्हणजे तिथल्या उघाडीतून, खारं पाणी आत घेऊन मासळी-कोळंबी धरायची रीत जुनीच आहे. रायगडात जिथे भातानंतर दुसरा पेरा होत नाही, तिथे भात निघाल्यापासून मेपर्यंत उधाणाच्या भरतीला उघाडीचं दार थोडं उचलून ठेवायला सिमेंटचं एक पोतंही लागत नाही.

आणि हे एका राज्याचं काम नाही. राज्याचा अधिकार १२ सागरी मैलांपर्यंत. विजयदुर्गासमोर सुमारे शंभर किलोमीटर आत असलेला आंग्रिया बँकेचा प्रवाळ त्याच्या पलीकडे, केंद्राच्या हद्दीत. सुरमई गुजरात, महाराष्ट्र, गोवा असा फरक करत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही बंदी एकत्र ठरू शकते, तर विणीच्या जागांचा नकाशा एकत्र का होऊ नये?

त्या फोटोवाल्या दादांसाठी, आणि तुमच्यापैकी ज्यांना खरंच काही करायचंय त्यांच्यासाठी एक काम. आपल्या जिल्ह्याच्या किनारा व्यवस्थापन आराखड्याचा १:४,००० चा नकाशा मिळवा. आपली खाडी शोधा. माशांच्या विणीची जागा दाखवलीय का बघा. नसेल तर गावातल्या जुन्या डोलवाल्याला आणि पागवाल्याला (हाताने फेकायच्या जाळ्याने मासे धरणाऱ्याला) सोबत बसवा, कुठल्या वळणावर कुठलं पिल्लू कुठल्या महिन्यात दिसतं ते नकाशावरच लिहून घ्या, खाली मच्छीमार सोसायटीचा शिक्का मारा. हरकतीच्या मुदतीत जिल्हाधिकारी कार्यालयात आणि किनारा प्राधिकरणाकडे द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. मजकुराला मदत लागली तर इनबॉक्समध्ये या.