निम्म्या विजेचा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचक महोदय,

कोळशावरील वीजकेंद्रांच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिता, ‘निम्मी वीज त्या यंत्रणेतच खर्ची पडते, पकडलेला वायू ठेवणार कुठे आणि पैसा देणार कोण, हे सांगायचे सोडून लेखक गार खोलीत बसून कोळसेवाल्यांची तळी उचलतो.’ मतभेदाबद्दल तक्रार नाही. पण हेत्वारोप करण्यापूर्वी लेख शेवटपर्यंत वाचण्याचे सौजन्य अपेक्षित होते.

माझे बालपण एका औष्णिक केंद्राच्या वसाहतीत गेले आणि वडील बॉयलर विभागात पाळीने कामाला होते. उन्हाळ्यात गच्चीवर घातलेल्या कुरडयांवर संध्याकाळपर्यंत करडी पूड बसे, ती आई फडक्याने एकेक करून टिपत असे. राख निराळी आणि कार्बन डायऑक्साइड निराळा, हे आपण सांगण्याआधीच नमूद करतो. मुद्दा इतकाच की चिमणीखालचे आयुष्य मला कुणी समजावून देण्याची गरज नाही.

आता ‘निम्मी वीज’. धुरात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण जेमतेम १२ ते १४ टक्के असते. तो अमोनियाच्या कुळातल्या अमाइन या रसायनाच्या द्रावणात सुमारे ४० अंशांना शोषला जातो आणि तेच द्रावण सुमारे १२० अंशांपर्यंत तापवल्यावर मोकळा होतो. ही उष्णता टर्बाइनकडे जाणारी वाफ मधेच वळवून घ्यावी लागते, शिवाय वायू दाबून भरायला कॉम्प्रेसर लागतात. म्हणून निर्मिती साधारण २० ते ३० टक्के घटते. कोराडीच्या ६६० मेगावॉटच्या एका संचावर हे गणित मांडले, तर २५ टक्क्यांनी १६५ मेगावॉट जातात, आपल्या हिशेबाने ३३० जातील. एवढी तफावत ज्यांना किरकोळ वाटते, त्यांनी लेखकाला बेजबाबदार म्हणावे, हे नवल आहे. कॅनडातील बाउंडरी डॅम या कोळशावरील केंद्राचा तिसरा संच २०१४ पासून हे ओझे वाहूनही वीज देत आहे.

कोळशाच्या धुरातून वायू पकडणाऱ्या टेक्सासच्या पेट्रा नोव्हा प्रकल्पातला वायू जमिनीखालचे तेल बाहेर काढण्यासाठी वापरला जातो आणि तेलाचे भाव कोसळल्यावर २०२० मध्ये ती यंत्रणा बंद ठेवावी लागली, ती २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली, हा उल्लेख मी करायला हवा होता, तेवढे मान्य.

साठवणुकीबद्दल इतकेच की आइसलँडमध्ये बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हारस थिजून झालेल्या काळ्या खडकात, सोडलेला बहुतांश वायू दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाला आणि आपली नागपूरची सीताबर्डीची टेकडीही बेसाल्टचीच आहे. बाकी तपशील स्वतंत्र लेखाचा विषय. पैशाचा प्रश्न तर कोणत्याही नव्या यंत्रणेला विचारता येतो, त्यात विशेष काही नाही.

‘निम्मी’ हा आकडा आपण कोणत्या केंद्राच्या नोंदींवरून घेतला, ते मात्र केंद्राच्या नावानिशी कळवावे.