दादर चौपाटीला जाताय? मग वयाला शोभेल असं वागा

रविवारी संध्याकाळी भाचीला घेऊन दादर चौपाटीवर गेलो आणि शहाणा होऊन आलो. तुम्हालाही व्हायचंय? ऐका.

विशीत असाल तर समुद्राकडे पाठ करा, मागे सी लिंक घ्या, पायाखालची वाळू क्रॉप करा. "अंकल, जरा साइडला" म्हणायला विसरू नका. (मी अडतीसचा आहे. असो.)

चाळिशी आली असेल तर २००९ला सी लिंक झाला आणि वाळू गेली, एवढंच बोला.

चैत्यभूमीजवळच्या डेकवर कुणीही जा, नाल्याचं तोंड खाली आहे, वरून दिसत नाही.

पोरांना काही सांगू नका. भाचीने ओंजळभर माल आणला, बाटल्यांची झाकणं, कान कोरायच्या काड्या, एक लायटर. "मामा, यातला शंख कुठला?" तिच्या मते समुद्रात हेच पिकतं.

साठी उलटली असेल तर मात्र मजा आहे, तुमच्याकडे 'आमच्या वेळी' आहे. आमच्या शेजारी एक काका होते, पाऊण तास चालू, आमच्या वेळी पाणी कसं काचेसारखं, शिंपले पिशवी भरून न्यायचो, ही हल्लीची पोरं, वेफर्सची पाकिटं, संस्कारच नाहीत, मी आपला मान डोलावतोय, आणि बोलता बोलता काकांनी पिशवीतून पिशवी काढली, आत आठवड्याचं निर्माल्य, उदबत्तीचे पुडे, गणपतीचा फुटका फोटो काचेसकट, वर दुहेरी गाठ, डोळे मिटून नमस्कार, आणि दिली भिरकावून! निर्माल्य कलश वीस पावलांवर. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाले, "देवाचं आहे, कचरा नाहीये." तिसऱ्या लाटेने देवाचं सगळं भाचीच्या पायाशी आणून ठेवलं. ती शंख समजून उचलायच्या आत मी उचललं, काच घुसली बोटात. टिटॅनसचं इंजेक्शन घेऊन एका हाताने टाइप करतोय.

अहो काका, तुमच्या वेळीही शहराचा मैला समुद्रातच जात होता, फक्त फुलं पानाच्या पुडीत यायची आणि पान कुजायचं. ही पिशवी कुजत नाही हो! वर्सोव्याला २०१५ पासून लोकांनी दर आठवड्याला हाताने घाण उपसली तेव्हा कुठे २०१८ला कासवाची पिल्लं दिसली, आणि तुम्हाला साधी गाठ सोडून फुलं कलशात टाकता येत नाहीत? सात वर्षांच्या पोरीसमोर टाकलीत, तेही संस्कारांवर बोलता बोलता. लाज वाटायला हवी होती. मलाही, तोंडावर बोललो नाही म्हणून.